आळंदचा घोडेबाजार

मराठी घरात बेदरचे नाव पहिल्यांदा कानावर पडते ते दामाजीपंतांच्या गोष्टीत. दुष्काळात मंगळवेढ्याची कोठारे रयतेसाठी उघडली, बादशहा संतापला, आणि विठोबाने विठू महार होऊन बेदरला रकमेचा भरणा केला. कान्होपात्रेला बोलावणे आले तेही बेदरहूनच. त्यामुळे आपल्या मनातले बेदर म्हणजे लांबवर बसलेला, धाक घालणारा दरबार. त्याच सुमारास याच गावाकडे इराणच्या गिलानातून, बसऱ्याहून, आफ्रिकेतल्या हबसाणातून, अगदी रशियातून माणसे येत होती, हे आपल्याला कुणी सांगितलेले नसते. ही माणसे इथवर कशी पोचत, कशासाठी येत आणि त्यांचा व्यवहार चाले कसा, हे समजून घ्यायचे तर एका घोड्याच्या मागे चालावे. बाकी सगळे त्याच्या पाठीवरून आले.

आधी घोडाच का, ते पाहू. 1347 मध्ये दौलताबादला बहमनी राज्य उभे राहिले. राजधानी गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला गेली आणि 1430 च्या आगेमागे अहमदशहाने ती बेदरला हलवली. दक्षिणेला विजयनगर, उत्तरेला माळवा आणि गुजरात, सगळ्यांशी कुरबुर चालू. लढाईचा निकाल लावी घोडदळ, आणि लढाईचा घोडा दख्खनमध्ये नीट निपजत नसे. चार महिने पाऊस, दमट हवा, चांगली जमीन ज्वारी-हरभऱ्याखाली, मोठी कुरणे नाहीत. बैल आणि म्हैस यांचा हा मुलूख. अरबस्तान, इराण आणि मध्य आशियातला घोडा विकत आणण्यावाचून गत्यंतर नव्हते. दिल्लीपासून फुटून निघाल्यावर उत्तरेची खुष्कीची वाट शत्रूंच्या मुलखातून जाऊ लागली होती. मग उरला समुद्र. म्हणून कोकणातली चौल आणि दाभोळ ही बंदरे बेदरच्या दरबाराला जिवापाड होती.

समुद्राची किल्ली वाऱ्याच्या हाती होती. जूनपासून भाद्रपदापर्यंत कोकणची बंदरे बंद. नैर्ऋत्येचा वारा उसळला की जहाज किनाऱ्याला लावणे म्हणजे फोडून घेणे. थंडीत वारा उलटा फिरतो आणि ईशान्येकडून वाहतो, तेव्हा इथली जहाजे इराण-अरबस्तानकडे सुटतात. तिकडून इकडे यायचे तर पावसाळ्याच्या तोंडाशी, वारा पाठीशी आहे पण अजून खवळलेला नाही, असा नेमका मुहूर्त साधावा लागे. चुकला की वर्ष गेले. कवी हाफिजची कथा फरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. बहमनी दरबाराने शिराझहून त्याला बोलावले, वाटखर्च पाठवला, तो होर्मुझच्या बंदराला येऊन जहाजावर चढलाही. पण वादळ उठले तसा उतरला आणि एक गझल लिहून पाठवून घरी परतला. घोड्याला उतरायची मुभा नव्हती.

ती जहाजे कशी होती हे मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस होर्मुझला पाहिले होते. फळ्यांना लोखंडी खिळे नाहीत. नारळाच्या काथ्याने शिवलेल्या. खाली माल भरायचा, त्यावर कातडी अंथरायची आणि कातड्यांवर घोडे उभे करायचे. पोलोला या जहाजांचा धसका होता, आणि तो खोटा नव्हता.

अशाच एका जहाजातून 1470 च्या आगेमागे एक रशियन व्यापारी चौलला उतरला. अफानासी निकितिन त्याचे नाव, व्होल्गाकाठच्या त्वेरचा. वाटेत तातारांनी त्याला लुटले होते. हिंदुस्थानात घोड्याला सोन्याची किंमत येते असे त्याने ऐकले आणि होर्मुझहून एक घोडा सोबत घेतला. पुढे त्याने ‘तीन समुद्रांपलीकडचा प्रवास’ म्हणून जी टिपणे लिहिली, त्यांत या घोड्याचा जमाखर्च येतो. दख्खनच्या व्यापाराचे इतके जवळचे चित्र आपल्याला दुसरीकडे क्वचितच मिळते. दरबारी तवारिखांत लढाया आणि खिलती असतात. इथे एका लहान व्यापाऱ्याची काळजी आहे.

होर्मुझला मालाचा दहावा हिस्सा जकात. ईस्टरनंतर आठवडाभराने तो निघाला, मस्कत, गुजरात, खंबायत करत सहा आठवड्यांनी चौलला आला. म्हणजे वैशाख-ज्येष्ठाचे दिवस, पाऊस दाराशी. चौलहून पालीला आठ दिवस (ही आपली बल्लाळेश्वराची पाली असावी), तिथून उमरी म्हणून एका गावी दहा दिवस, आणि पुढे जुन्नर. घाट चढून जुन्नरला पोचेपर्यंत घोड्यावर शंभर रुबल खर्च झाला होता. मग पावसाने गाठले. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असे त्याने लिहिले आहे. त्याच चिखलात लोक नांगरतात, पेरतात याचे त्याला नवल वाटले. जुन्नरचा पाऊस पाहिलेल्या माणसाला ते शब्द ओळखीचे वाटतील.

जुन्नरचा कारभार पाहणाऱ्या असदखानाने निकितिनचा घोडा काढून घेतला. हा मुसलमान नाही, रशियन आहे, असे कळल्यावर खानाने सांगितले: इस्लाम स्वीकार, घोडाही देतो, वर हजार मोहरा देतो. मुदत चार दिवसांची. त्या चार दिवसांत ख्वाजा महंमद नावाचा एक खुरासानी गावात आला. निकितिनने त्याचे पाय धरले. ख्वाजाने खानाकडे जाऊन शब्द टाकला आणि घोडा सुटला, धर्मही राहिला. या प्रसंगात त्या काळच्या व्यापाराचा सांगाडा दिसतो. कागदी करार, न्यायालय, वकील यांतले काही परमुलखातल्या माणसाच्या कामी येत नव्हते. कामी येई ओळख. खुरासानी, इराणी, अरब व्यापाऱ्यांचे एक जाळे सगळ्या बंदरांत आणि दरबारांत पसरलेले होते. त्यातला एखादा तुमच्यासाठी शब्द टाकायला उभा राहिला तर तुम्ही तरलात.

पावसाळा म्हणजे घोडेवाल्याचा खरा जाच. घोडा उभा आहे, विकला जात नाही आणि खातो आहे. निकितिन सांगतो, इथे घोड्यांना हरभरा देतात आणि साखर व लोणी घालून खिचडी शिजवतात. मराठीत घोड्याच्या दाण्याला चंदी म्हणतात. पागेत मोतद्दार ती भिजवून चारतो, हे शिवकाळापर्यंत चालत आलेले चित्र आहे. मध्य आशियात कुरणावर वाढलेले जनावर इथे हरभऱ्यावर आणि खिचडीवर जगवायचे, तर खर्च किती येणार? निकितिनने आपला घोडा वर्षभर पोसला, त्यावर अडुसष्ट फुतून घातले (फुतून हे त्याने वापरलेले नाण्याचे नाव) आणि शेवटी नाताळात बेदरला तो विकला. मिळालेली किंमत मात्र त्याने लिहिलेली नाही.

आता आळंद. मराठी वाचक हे नाव ऐकून आळंदी समजतो. पण हे कलबुर्गी जिल्ह्यातले आळंद, सीमेवरचे, जिथे आजही कानडीबरोबर मराठी ऐकू येते. लाडले मशायख म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शेख अलाउद्दीन अन्सारींचा दर्गा इथे आहे. निकितिन लिहितो की या शेखांच्या स्मरणार्थ वर्षातून एकदा इथे बाजार भरतो, दहा दिवस चालतो, सगळा हिंदुस्थान व्यापाराला लोटतो आणि वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीला येतात. हिंदुस्थानातला सर्वांत चांगला बाजार हाच, असे त्याचे मत पडले. वीस हजार हा आकडा त्याने मोजला नसणार, लोकांकडून ऐकला असणार. तो निम्मा धरला तरी दहा दिवसांसाठी आळंदच्या माळावर केवढे गाव वसत असेल, पाहा: दावणी, पाण्याचे हौद, कडब्याच्या गंजी, नालबंद, दलाल, सराफ.

एवढा बाजार दर्ग्यापाशी का? आपल्या जत्रांचे गणित ज्याला ठाऊक आहे त्याला हे सांगावे लागत नाही. उरुसाची तिथी ठरलेली असते, दवंडी लागत नाही. होर्मुझच्या व्यापाऱ्यालाही ती विचारून कळते. पीराच्या छायेत भांडण करायला माणूस बिचकतो. आणि एवढी माणसे एके ठिकाणी आली की वर्षाची देणीघेणी तिथेच मिटतात. निकितिनने बाजाराचा काळ रशियन सणाच्या हिशेबाने ऑक्टोबरच्या सुरुवातीचा दिला आहे. उरुसाची तिथी चांद्रवर्षाप्रमाणे सरकते, पण तो होता त्या वेळी हिशेब चोख जुळला होता: ज्येष्ठात घोडा उतरवा, पावसात चंदीवर धरा, वाटा वाळल्या की बाजारात उभा करा.

याच आळंदच्या ओघात तो एका पक्ष्याविषयी लिहितो. रात्री उडतो, ‘कूक-कूक’ ओरडतो, ज्या घरावर बसेल तिथे माणूस मरतो. घुबडच ते. आळंदला कुणीतरी बोट दाखवून त्याला सांगितले असणार, आणि बाजाराच्या हिशेबाशेजारी त्याने ते टिपून ठेवले. मला हे टिपण वीस हजार घोड्यांहून मोलाचे वाटते. बाजारात मालाच्या जोडीने समजुतीही हात बदलतात, त्याचा हा हाताशी आलेला पुरावा आहे.

घोडेवाल्यांचे वजन किती वाढले होते? इतके, की एकाने राजा गादीवर बसवला. 1422 मध्ये अहमद आपला भाऊ फिरोजशहापासून जीव वाचवून पळत होता. बसऱ्याचा घोडे-व्यापारी खलफ हसन त्याच्याबरोबर होता. फरिश्ता सांगतो की वाटेत बंजाऱ्यांचा धान्याच्या बैलांचा तांडा आणि घोड्यांच्या सौदागरांचा काफिला भेटला. खलफ हसनने घोड्यांवर माणसे चढवली, बैलांवरही निशाणे देऊन माणसे बसवली. पाठलागावरच्या फौजेला लांबून मोठे सैन्य आल्याचा भास झाला आणि बाजी उलटली. अहमद सुलतान झाला, खलफ हसनला ‘मलिक-उत-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा मुख्य, हा किताब मिळाला. तो पुढे दरबारातला मोठा मान ठरला. समुद्रापलीकडचा घोडा आणि देशी बैल या दोन्हींवर हे राज्य चालत होते, हे त्या एका प्रसंगात आले.

याच किताबाचा सर्वांत थोर मानकरी महमूद गावान. गिलानचा हा व्यापारी 1453 मध्ये दाभोळला उतरला. दाभोळचे नाव निकितिननेही घेतले आहे. मिसर, अरबस्तान, खुरासान, तुर्कस्तानचे घोडे इथे उतरतात आणि महिनाभर चालून बेदर-गुलबर्ग्याला जातात, असे तो सांगतो. गावान त्याच वाटेने बेदरला आला आणि राज्याचा वजीर झाला. 1472 मध्ये त्याने गोवे जिंकले. लढाईच्या कीर्तीपेक्षा घोड्यांचे बंदर ताब्यात घेणे हे त्यात मोठे होते, असे माझे मत आहे. फरिश्ता म्हणतो की इराणहून आणलेल्या चाळीस हजार लारींच्या भांडवलावर तो अखेरपर्यंत व्यापार करत राहिला आणि घरखर्च त्याच नफ्यातून भागवी. लारी हे नाणेही पाहण्यासारखे: चांदीच्या तारेचा तुकडा मधोमध दुमडायचा आणि त्यावर ठसा मारायचा. इराणातल्या लार शहराचे हे नाणे पुढे विजापूरच्या आदिलशाहीनेही पाडले. तुर्कस्तानातल्या बुर्सा शहराच्या काझीच्या दफ्तरात गावानच्या गुमास्त्यांची नोंद सापडली आहे. ते हिंदुस्थानी कापड विकायला गेले होते. म्हणजे जहाजातून घोडा येई, परतीला कापड जाई, आणि बेदरचा वजीर दोन्ही टोकांना धरून होता.

त्याने 1472 मध्ये बांधलेला मदरसा बेदरात आजही उभा आहे. 205 फूट लांब, 180 फूट रुंद, तीन मजली, घडण थेट इराणी-समरकंदी. ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगतात. 1696 मध्ये, औरंगजेबाच्या काळात, आत ठेवलेल्या दारूचा स्फोट झाला आणि एक मनोरा व दर्शनी भाग कोसळला. उरलेल्या मनोऱ्यावर निळ्या-पिवळ्या चिनी फरशांचे तुकडे आहेत. उन्हात त्यांच्याकडे बघताना त्या दूरच्या देशाची ओढ जाणवते. आणि पाऊसपाण्याने त्यांतल्या कितीतरी गळून पडल्या, हेही दिसते.

या व्यापाराला एक काळी बाजू होती आणि ती झाकून ठेवू नये. बेदरच्या बाजारात घोडे, रेशीम यांच्याबरोबर काळी माणसेही विकली जात, असे निकितिनने सरळ लिहिले आहे. हबसाणातून आणलेल्या या गुलामांतले काही पुढे सरदार झाले. बेदरजवळची हबशी कोट नावाची टेकडी त्यांच्या कबरींसाठी ओळखली जाते. ज्यांची कबर राहिली नाही असे पुष्कळ असणार.

परक्यांचे वजन वाढले तशी तेढही वाढली. समुद्रापलीकडून आलेल्यांना आफाकी किंवा गरीब म्हणत. मुळात ‘गरीब’ म्हणजे परका, आपले गाव सोडून आलेला. निकितिनच्या टिपणांतही हा शब्द त्याच अर्थाने येतो. आपण तो आता पैसा नसलेल्यासाठी वापरतो. दख्खनी सरदारांनी गावानच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवून त्यावर ओरिसाच्या राजाला लिहिलेले फितुरीचे पत्र रचले. सुलतानाने 5 एप्रिल 1481 रोजी त्याला ठार करवले. वर्षभरात सुलतानही गेला आणि पाहता पाहता राज्याच्या पाच शाह्या झाल्या. 1510 मध्ये गोवे पोर्तुगीजांनी घेतले आणि अरबी घोड्याची वाट त्यांच्या हातात गेली.

दरबार गेला. त्याच्याबरोबर आलेले काय उरले? जे इथल्या हातांनी उचलले तेवढे उरले, असे मला दिसते. बेदरजवळच्या अष्टूरला अहमदशहाच्या घुमटात भिंतींवर इराणच्या किरमानच्या संताच्या फारसी ओळी सोन्याने रंगवल्या आहेत, आणि अहमदशहाच्या उरुसाला कलबुर्गीकडच्या माडियाळहून लिंगायत जंगम चालत येतो. उरूस होळीच्या सुमारास, आपल्या पंचांगाने होतो. बिदरी कामात जस्त-तांब्याची भांडी ओततात, चांदीची तार ठोकून बसवतात आणि किल्ल्यातली जुनी माती नवसागरात कालवून चोळतात. धातू काळाभोर होतो, चांदी तशीच झळकते. तो कारागीर इराणहून आला अशी परंपरा आहे, पण माती बेदरचीच लागते. जीन, लगाम, रिकीब, चाबूक, जकात, दलाल, सौदा हे शब्द आपण परके मानत नाही. अरबी-तुर्की घोडे आणि इथल्या घोड्या यांच्या संकरातून भीमेच्या काठी जे बुटके, काटक तट्टू निपजले, तेच भीमथडी तट्टू, असे मानतात. पुढे मराठ्यांच्या घोडदळाचा भार त्यांनी वाहिला.

सर्वांत सुंदर उरले ते मात्र जमिनीखाली आहे. बेदर वसले तांबड्या जांभ्या खडकावर. जांभा सच्छिद्र, पावसाचे पाणी पिऊन घेतो. खाली काळा कातळ, त्याच्यातून ते उतरत नाही. दोहोंच्या सांध्यावर पाणी साचते. इराणी माणसाला असे पाणी वर न उपसता बाहेर आणण्याची विद्या येत होती. डोंगराच्या अंगाला, पाणी लागेल तिथे मुख्य विहीर खणायची. तिथून अगदी हलक्या उताराचा बोगदा काढत सखल भागापर्यंत न्यायचा. मध्ये ठरावीक अंतरावर उभे झरोके पाडायचे: खणताना माती तिथून वर काढायची, आत हवा तिथून जायची आणि पुढे साफसफाईला माणूस तिथूनच उतरायचा. उतार जास्त झाला तर पाणी बोगद्याची जमीन कुरतडते, कमी झाला तर साचून राहते. मोट नाही, बैल नाही. पाणी आपल्या वजनाने चालत येते. बेदरजवळ नौबादला अशी करेज आहे. लोक तिला सुरंग बावी म्हणतात. तिला एकवीस झरोके आहेत. मधल्या काळात ते कचऱ्याने आणि मातीने बुजले होते. काही वर्षांपूर्वी गाळ काढून काही भाग मोकळा केला गेला.

अक्कलकोट-गाणगापूरला जाणाऱ्या माणसाला आळंद लांब नाही, आणि उदगीरच्या पलीकडे बेदर आहे. जाल तेव्हा गावानचा मदरसा बघाच, पण नौबादलाही जा. शेतात, वस्तीत, जमिनीत एखादे खोल तोंड दिसले तर ते पडकी विहीर समजू नका आणि त्यात काही टाकू नका. एक झरोका बुजला की त्याच्या खालचे पाणी थांबते.